सकाळचं फोनॉनचं शिखर दुपारी गायब: नागपूरच्या उन्हाळ्यातली पंप-प्रोबची तक्रार

पंप-प्रोबमध्ये लेझरचा एक आखूड स्पंद (पंप) स्फटिकाला धक्का देतो आणि थोड्या विलंबाने येणारा दुसरा (प्रोब) परावर्तनातला बदल टिपतो. त्यातून स्फटिकातल्या अणूंचं सामूहिक कंपन, म्हणजे फोनॉन, दिसतं. तक्रार साधारण अशी असते. सकाळी आठच्या सुमाराला गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यावर पंप-प्रोब लावलं, परावर्तनातला बदल नोंदवला, मंद पार्श्वभूमी वजा करून फूरिये रूपांतर काढलं (म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारिता वेगळ्या केल्या), तर ८.८ टेराहर्ट्झजवळ (एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं) स्वच्छ शिखर. दुपारी दोननंतर तेच सॅम्पल, तीच पॉवर, आणि शिखराच्या जागी नुसता गोंगाट. रात्री अकरानंतर शिखर पुन्हा हजर. मधल्या वेळात पीएचडीचा विद्यार्थी हताश होऊन सांगतो, "सर, सकाळी होता सिग्नल, आता दिसूनच नाही राहिला." मग सॅम्पल खराब झालं असं ठरतं आणि वेफरचा नवा तुकडा कापायला घेतला जातो. नवा तुकडा रात्री लावला जातो, शिखर दिसतं, आणि दोष सॅम्पलचाच होता अशी सगळ्यांची खात्री पटते. पुढच्या दुपारी तेच.

मार्चअखेरीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत नागपुरात हे दर वर्षी घडतं, नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) तर हमखास. सॅम्पल बहुतेक वेळा निर्दोष असतं. ते ओळखायची खूण दुपारच्या बिघडलेल्या स्कॅनमध्येच असते: शून्य विलंबापाशी (पंप आणि प्रोब एकाच क्षणी पोचतात तिथे) इलेक्ट्रॉनांमुळे येणारी चढण आणि तिच्यामागचा मंद उतार जसाच्या तसा असतो, गेलेलं असतं ते फक्त त्यावर बसलेलं बारीक कंपन. पृष्ठभाग जळला असता किंवा पंप-प्रोब एकमेकांवरून सरकले असते, तर चढणही त्याच प्रमाणात खाली आली असती. मंद भाग टिकतो आणि जलद भाग जातो, म्हणजे मापनाच्या वाटेत कुठेतरी जलद बदल पुसला जातोय. तो कुठे, हे शोधायचं.

आधी आकडे समोर ठेवा

लेझरचा आखूड स्पंद स्फटिकावर पडला की जालकातले (स्फटिकाच्या नियमित रचनेतले) अणू एकाच ठेक्यात हलायला लागतात. १००च्या पृष्ठभागाच्या (स्फटिकाच्या घनाच्या बाजूला समांतर कापलेल्या) गॅलियम आर्सेनाइडमध्ये त्याचं मुख्य कारण पृष्ठभागाजवळचं विद्युतक्षेत्र. लेझरने निर्माण केलेले इलेक्ट्रॉन आणि होल हे क्षेत्र झाकून टाकतात, तेही कंपनाच्या अर्ध्या आवर्तनापेक्षा कमी वेळात. गॅलियम आणि आर्सेनिक यांच्यावर थोडा विरुद्ध विद्युतभार असल्यामुळे त्यांची समतोलाची जागा एकदम बदलते आणि ते नव्या जागेभोवती झुलू लागतात. चो, क्युट आणि कुर्त्स यांनी १९९० साली ही आंदोलनं गॅलियम आर्सेनाइडमध्ये थेट काळाच्या अक्षावर दाखवली. सिलिकॉनमधलं कंपन त्याहून जलद. त्याचा जन्म २००३ मध्ये हासे, पेटेक आणि सहकाऱ्यांनी नोंदवला.

वाद घालण्याआधी फळ्यावर चार आकडे लिहून ठेवावेत. गॅलियम आर्सेनाइडचा अनुदैर्घ्य प्रकाशीय फोनॉन (म्हणजे हेच कंपन) सुमारे ८.८ टेराहर्ट्झ, आवर्तनकाळ ११४ फेम्टोसेकंद (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). सिलिकॉन १५.६ टेराहर्ट्झ, म्हणजे ६४ फेम्टोसेकंद. बिस्मथ २.९ टेराहर्ट्झ, साधारण ३४० फेम्टोसेकंद. आणि डिले स्टेज (आरसा सरकवून प्रकाशाची वाट लांबवणारी सरकती बैठक) १ मायक्रॉन सरकली की प्रकाशाची वाट २ मायक्रॉनने बदलते, म्हणजे ६.७ फेम्टोसेकंद. गॅलियम आर्सेनाइडचं एक अख्खं आवर्तन स्टेजच्या १७ मायक्रॉनांत संपतं. सिलिकॉनचं दहाच्या आत. एवढ्याशा अंतरात जे काही डगमगेल ते थेट उत्तरात उतरणार.

शिवाय सिग्नल मुळातच तुटपुंजा. गॅलियम आर्सेनाइडमध्ये फोनॉनमुळे परावर्तनात होणारा बदल लाखात एक भाग किंवा त्याहून कमी असतो, इलेक्ट्रॉनांची चढण त्याच्या कितीतरी पट मोठी. म्हणून सरासरी घ्यावीच लागते, आणि घोळ तिथेच होतो.

पहिला संशयित: लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट

दुपारी एसी जोरात चालतो, हवेचे झोत टेबलावरून जातात, किरण किंचित हलतो आणि गोंगाट वाढतो. लॉक-इनवर (गोंगाटातून ठरावीक वारंवारितेचा सिग्नल वेचणाऱ्या यंत्रावर) बसलेला माणूस मग स्वाभाविकपणे टाइम कॉन्स्टंट (त्याच्या सरासरीचा कालावधी) १०० मिलिसेकंदांवरून १ सेकंदावर नेतो. पडद्यावरची रेघ लगेच गुळगुळीत दिसते, सगळ्यांना बरं वाटतं. फोनॉन तेवढा जातो.

हिशोब करून बघा. स्टेज न थांबता सेकंदाला १० मायक्रॉन वेगाने चालली, तर सेकंदाला ६७ फेम्टोसेकंद सरकतात. ११४ फेम्टोसेकंदांचं कंपन लॉक-इनच्या दृष्टीने ०.५८ हर्ट्झचं होतं. १०० मिलिसेकंदांच्या साध्या, एका टप्प्याच्या फिल्टरमधून त्याचा ९४ टक्के भाग पार होतो. १ सेकंद ठेवला की फक्त २६ टक्के, आणि फिल्टरचा उतार २४ डेसिबलवर ठेवला असेल तर चार टप्पे एकामागून एक असल्यामुळे अर्धा टक्काही उरत नाही. इलेक्ट्रॉनांचा मंद उतार मात्र छान दिसत राहतो. म्हणूनच हा दोष सहजासहजी लक्षात येत नाही.

उपाय सरळ आहे. वेग आणि टाइम कॉन्स्टंट ही जोडी एकत्र बदलायची. टाइम कॉन्स्टंट दहापट केला तर वेग दहापट कमी. किंवा स्टेज पायरीपायरीने चालवायची: ५-७ फेम्टोसेकंदांची पायरी, प्रत्येक पायरीवर टाइम कॉन्स्टंटच्या निदान चार-पाच पट थांबणं, मग वाचन. ज्यांच्याकडे हलणाऱ्या आरशाची जलद-स्कॅन पद्धत आहे त्यांना हा प्रश्न येत नाही. पण तिथे डिटेक्टरच्या प्रवर्धकाची बँडविड्थ हाच हिशोब मागते, हे विसरू नये. चॉपरची (किरण ठरावीक वेगाने तोडणाऱ्या चकतीची) वारंवारिता विजेच्या ५० हर्ट्झच्या पटीत ठेवू नका, दोन पटींच्या मधोमध ठेवा. १३७५ च्या आसपास आमचं बरं चालतं.

दुसरा संशयित, आणि माझ्या मते खरा गुन्हेगार: सरकतं शून्य

टाइम कॉन्स्टंट जागेवर असूनही शिखर जात असेल, तर दोन तास घेतलेले सगळे स्कॅन एकत्र करून सरासरी काढण्याआधी थांबा. ते सुटे सुटे साठवा आणि प्रत्येकाचं शून्य कुठे येतं ते बघा.

पंपाची आणि प्रोबची वाट एकाच लांबीची असते, पण एकाच धातूवर असतेच असं नाही. एक नेहमीची मांडणी घ्या. प्रोबची वाट थेट पोलादी टेबलावर, पंपाची डिले स्टेज मात्र अर्धा मीटर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटर २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद त्याच्या निम्म्याच्या आसपास. अर्ध्या मीटरवर फरक सुमारे ६ मायक्रॉन, आणि प्रकाश जाऊन परत येतो म्हणून १२. म्हणजे एका अंशाला ४० फेम्टोसेकंद. खोली ३ अंशांनी तापली की शून्य १२० फेम्टोसेकंद सरकलं, गॅलियम आर्सेनाइडच्या एका पूर्ण आवर्तनापेक्षा थोडं जास्तच. झुलत्या झोपाळ्याचे वेगवेगळ्या क्षणांचे फोटो एकावर एक ठेवले तर झोपाळा पुसला जातो आणि खांब तेवढे उरतात. या सरासरीतही तेच होतं. हेच सरकणं बिस्मथच्या ३४० फेम्टोसेकंदांच्या कंपनाचा जेमतेम पाचवा हिस्सा खातं.

काही जण इथे हवेला दोष देतात: तापमान बदललं, हवेचा अपवर्तनांक बदलला, म्हणून वेळ सरकली. ते पटणारं नाही. एक मीटर हवेत एका अंशाने वाट सुमारे एक मायक्रॉनने बदलते, तीन-साडेतीन फेम्टोसेकंद, आणि तीही दोन्ही वाटांवर जवळपास सारखीच. हवा किरणाची दिशा हलवते, वेळ फारशी नाही. वेळ हलवतो तो धातू.

शून्य आणि तापमान यांचा आलेख एकत्र काढा. टेबलावर, स्टेजच्या शेजारी एक साधा तापमान-नोंदक ठेवा. सीताबर्डीच्या बाजारात मिळणारा स्वस्तातलाही चालतो, ०.१ अंश दाखवत असला म्हणजे झालं. मे महिन्यातल्या एखाद्या दिवशी आलेखात दोन वेगळे भाग दिसतील. सकाळी बाहेर तिशीत असताना एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो आणि शून्य करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली जातं, पण सरासरीने जागेवर राहतं. दुपारी बाहेर ४५ अंश झाले की कॉम्प्रेसर बंद होतच नाही. खोली नेमलेल्या तापमानाला पोचत नाही आणि हळूहळू वर चढत राहते. त्या चढणीवर घेतलेली सरासरी वाया जाते. मध्ये लाइट गेली आणि एसी वीस मिनिटं बंद राहिला, तर यूपीएसवर लेझर चालू राहिला तरी त्या दुपारचा डेटा वेगळा काढून ठेवा.

इथे एक नागपुरी सवय मोडावी लागते. उन्हाळ्यात एसी १८ वर लावायचा, हा आपला धर्म. प्रयोगशाळेत तो २४ किंवा २५ वर लावा, पण असा लावा की भर दुपारीही ते तापमान त्याला गाठता आलं पाहिजे. खोली किती थंड आहे याला महत्त्व नाही, ती किती स्थिर आहे याला आहे. पश्चिमेच्या खिडकीवर जाड पडदा किंवा थर्मोकोलची पाटी, टेबलाभोवती ॲक्रिलिकची पेटी, आणि एसीचा झोत टेबलावर थेट न पडता छताकडे. पुढची पायरी म्हणजे स्टेजखालची ॲल्युमिनियमची पट्टी काढून ती सरळ टेबलावर बसवणं. एवढ्याने बहुतेक तक्रारी संपतात.

संपल्या नाहीत तर सॉफ्टवेअरचा आधार घ्या. प्रत्येक सुट्या स्कॅनमध्ये फोनॉन दिसणार नाही, पण इलेक्ट्रॉनांची चढण दिसते. तिचा मध्य शोधून प्रत्येक स्कॅन त्यावर जुळवा आणि मगच सरासरी काढा. शून्य ओळखण्यात २० फेम्टोसेकंदांची यादृच्छिक चूक राहिली तरी गॅलियम आर्सेनाइडचं ५५ टक्के आंदोलन वाचतं. ४० झाली तर ९ टक्के. सिलिकॉनसाठी २० सुद्धा फार होतात.

तिसरा: सॅम्पलपाशी पोचलेला स्पंद

लेझर ३० फेम्टोसेकंदांचा आहे, असं सगळे सांगतात. ते लेझरच्या डब्याच्या तोंडाशी. मधे लेन्स, ध्रुवक, वेव्हप्लेट, फिल्टर. वितळलेल्या क्वार्ट्झची १४ मिलिमीटर काच ८०० नॅनोमीटरला सुमारे ५०० चौरस फेम्टोसेकंदांचं विसरण (रंगानुसार वेग वेगळा असल्यामुळे स्पंद पसरणं) देते, आणि ३० चा स्पंद ५५ होतो. पंप आणि प्रोब दोन्ही ३० चे असताना गॅलियम आर्सेनाइडचं ६१ टक्के आंदोलन हाती येतं, ५५ ला १९ टक्के. सिलिकॉनचं ३० ला २१ टक्के, आणि ५५ ला अर्धा टक्का. सिलिकॉन करायला घेतलेल्या विद्यार्थ्याला सहा महिने काही दिसत नाही, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. प्रिझमची जोडी किंवा चर्प्ड आरसे लावून विसरण आधीच भरून काढायला हवं, आणि स्पंदाची लांबी सॅम्पलच्या जागी, लेन्सनंतर मोजायला हवी: पातळ बीबीओ (प्रकाशाची वारंवारिता दुप्पट करणारा) स्फटिक ठेवून, किंवा दोन फोटॉन एकत्र शोषणाऱ्या गॅलियम फॉस्फाइडच्या फोटोडायोडने.

दुपारशी याचा संबंध वर्णपटातून येतो. ३० फेम्टोसेकंदांना निदान ३१ नॅनोमीटर रुंदीचा वर्णपट लागतो. खोली तापली, लेझरच्या पोकळीची (आतल्या आरशांची) जुळणी किंचित ढळली आणि वर्णपट २० वर आला, तर स्पंद ४७ च्या खाली जाऊच शकत नाही. गॅलियम आर्सेनाइडचं आंदोलन निम्मं होतं, आणि पॉवर मीटर मात्र तोच आकडा दाखवत राहतो. म्हणून पॉवर नोंदवताना शेजारी वर्णपटाची रुंदीही नोंदवा. वर्णपटाच्या मधोमध बारीक सुई उभी राहिली असेल तर लेझरचा काही भाग स्पंदात नाही, सलग चालतोय. आधी मोड-लॉकिंग (लेझरला स्पंदांत चालवणारी जुळणी) नीट करा.

कूलर प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात नको

हा मुद्दा दुसऱ्या गावच्या माणसाला सुचणार नाही. एसी पुरत नाही म्हणून दारात मोठा कूलर लावला जातो. वाळ्याचा वास येतो, बाहेरून येणारा माणूस सुखावतो. मे महिन्यातली नागपूरची हवा कोरडी: ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास. कूलरने तीच हवा ३० अंश आणि ६५ टक्क्यांवर आणली की दवबिंदू जवळपास २३ वर चढतो. लेझरचा चिलर १८ ला लावलेला असेल, तर त्याच्या नळ्यांवर, आणि डबा नीट बंद नसेल तर आतल्या स्फटिकाच्या बैठकीवर पाणी धरणार. लेझरच्या टायटेनियम-सफायर स्फटिकाच्या तोंडावर बाष्प आणि धूळ एकत्र बसली की पॉवर उतरते, मोड-लॉकिंग सुटतं, आणि या स्फटिकाला ऊर्जा पुरवणाऱ्या लेझरच्या फोकसपाशी कायमचा डाग पडू शकतो. जुलैत कूलरशिवायही हीच अवस्था येते. चिलरचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवा, लेझर बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत. ते जमत नसेल तर डब्यात कोरडा नायट्रोजन सोडा. आणि कूलर चौकीदाराच्या खोलीत द्या, तिथे त्याचा जास्त उपयोग आहे.

दोष सॅम्पलचा की मांडणीचा, हे कसं ठरवायचं

बिस्मथचा एक तुकडा सॅम्पलच्या बैठकीवर कायमचा शेजारी बसवा. बिस्मथ अर्धधातू आहे, अर्धवाहक नाही, पण परीक्षेसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही: आंदोलन मोठं, गॅलियम आर्सेनाइडच्या कितीतरी पट, आणि १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदानेही निम्म्याहून जास्त दिसतं. दुपारी शिखर गेलं की बैठक सरकवून बिस्मथवर या. बिस्मथचं आंदोलन बरंचसं टिकलं असेल आणि गॅलियम आर्सेनाइडचं शून्य, तर आधी वर सांगितलेले तीन संशयित तपासा. ते बिस्मथला गॅलियम आर्सेनाइडपेक्षा कितीतरी कमी दुखवतात. टाइम कॉन्स्टंट जागेवर असूनही बिस्मथ निम्म्यावर आलं असेल तर पंप-प्रोबचा मेळ, फोकस किंवा लेझर बघा. पंपाची तीव्रता दर वेळी तीच ठेवायची, कारण जोरात मारल्यावर बिस्मथची वारंवारिता खाली उतरते आणि नवा गोंधळ सुरू होतो.

याच्या उलटही होतं, शिखर दिसतं पण ते खोटं असतं. १ मिलिमीटर आट्याच्या स्क्रूची नियतकालिक चूक दर ६.७ पिकोसेकंदांनी परत येते आणि ०.१५ टेराहर्ट्झवर शिखर देते. त्याला फोनॉन म्हणून कुणी लेखात घातलं तर समीक्षक सोडणार नाही. पंप अडवून तोच स्कॅन घ्या. शिखर राहिलं तर ते स्टेजचं किंवा विजेचं. याहून मंद, २३ पिकोसेकंदांच्या आसपासचं आंदोलन गॅलियम आर्सेनाइडमध्ये ८०० नॅनोमीटरला दिसलं तर ते खरं असू शकतं, पण तो ध्वनिस्पंद आहे. प्रोबची तरंगलांबी बदलली की त्याची वारंवारिता बदलते, प्रकाशीय फोनॉनची बदलत नाही. आणि पॉवर वाढवल्यावर ८.८ च्या शेजारी ८ टेराहर्ट्झवर दुसरं शिखर आलं तर घाबरू नका: दाट झालेल्या इलेक्ट्रॉनांशी फोनॉन जोडला जातो आणि त्या मिश्रणाची खालची शाखा तिथे येते. ते दुरुस्त करायचं नसतं, मोजायचं असतं.

१००च्या पृष्ठभागाच्या गॅलियम आर्सेनाइडसाठी सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे सॅम्पल आपल्याच पातळीत ९० अंशांनी फिरवणं. फोनॉनच्या आंदोलनाचं चिन्ह उलटतं, म्हणजे काळाच्या अक्षावर कंपनाच्या माथ्याच्या जागी दरी येते. इलेक्ट्रॉनांची चढण जशीच्या तशी राहते. म्हणून दोन लंब ध्रुवणांमधला फरक मोजणारा जुळवलेला डिटेक्टर वापरला की मंद पार्श्वभूमी बरीचशी आपोआप वजा होते आणि फोनॉन उरतो. पण त्यात स्फटिकाचा कोन ४५ अंशांनी चुकला तर सिग्नल शून्य, सकाळी काय आणि दुपारी काय. वेफरची सपाट कड कुठल्या दिशेला आहे ते तुकडा कापण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा, नंतर कुणालाच आठवत नाही.

एवढं सगळं ठीक असून आंदोलन रोज थोडं थोडं कमी होत असेल, रात्रीही परत येत नसेल आणि सोबत चढणही उतरत असेल, तर मात्र सॅम्पलकडे वळा. फोकसचा ठिपका १०-२० मायक्रॉनांचा असतो, उन्हाळ्यातली धूळ त्यावर बसते आणि जळते. ठिपका शंभर मायक्रॉन बाजूला सरकवा आणि पुन्हा मोजा. सिग्नल पूर्ववत झाला तर जुन्या जागेची खूण करून ती सोडून द्या. वेफर पाच सेंटिमीटरचा आहे, जागा भरपूर आहे.